सुभेदारांचं वजन

पहिल्या आठवड्यात जोतीराम सुभेदारांचं वजन तीन शेरांनी वाढलं, तेव्हा आक्कांनी गल्लीत पेढे वाटले.

वजन केलं होतं शाहूपुरीत, जयपाल शेटजींच्या अडतीवर, गुळाच्या काट्यावर. एका पारड्यात सुभेदार मांडी घालून बसले आणि दुसऱ्यात हमालांनी गुळाचे रवे चढवले. तीन रवे चढले तरी सुभेदारांचं पारडं जमीन सोडीना, शेवटी वरून सुटी वजनं टाकावी लागली. "सुभेदार, लढाईला निघालाय का सौद्याला?" शेटजींनी विचारलं. हमाल खो खो हसले. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला, कारण त्यांना ते कौतुकच वाटलं. शेजारी उभ्या असलेल्या गुंडू वस्तादांनी तर लोकांना सुभेदारांची मान दाखवली, दंड दाबून दाखवला आणि अजून पाच आठवडे आहेत, बघत राहा, असं बजावलं.

ही सगळी हकिगत सुभेदारांच्या धाकट्या भावानं, कृष्णातनं, घरी येऊन बायकोला सांगितली. हौसा चुलीपुढं बसून लोणी कढवत होती. हसू आवरेना म्हणून तिनं पदराचं टोक दातात धरलं.

"हसायलीस काय?" कृष्णात म्हणाला. "दादाला मैल पळायचाय. ह्या अंगानं पळंल व्हय त्यो?"

"मी काय सांगू?" हौसा म्हणाली. "मी आपली आक्का सांगतील ते रांधती."

हे निम्मंच खरं होतं. आक्का सांगायच्या, थोरल्याच्या ताटात दर जेवणाला एक पळी तूप वाढायचं. हौसा वाढायची तीन. एक सगळ्यांदेखत भातावर, एक भाकरीच्या पापुद्र्यात आणि तिसरी मलिद्यात जिरवून. दोन्ही म्हशींचं लोणी एका सुभेदारांच्या पोटात जात होतं आणि हौसाचा हात जराही आखडत नव्हता.

तिच्या मनात काय होतं, ते कळायला फौजेकडून आलेल्या एका पत्राकडं जायला हवं.

मार्चात संस्थान मुंबई इलाख्यात गेलं. तालुके गेले, कचेऱ्या गेल्या आणि संस्थानच्या पलटणीचं काय करायचं, हे दिल्लीकरांना ठरवावं लागलं. ठरलं ते असं की सरसकट कुणालाच घ्यायचं नाही, आधी परीक्षा घ्यायची. उतरेल तो हिंदी फौजेत, उरेल तो घरी. दोघं भाऊ पलटणीत होते, म्हणून तसं इंग्रजी पत्र कसबा बावड्याला या घरी आलं आणि ते वाचून दाखवायला त्र्यंबक मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तर सोप्यात जाजमावर बसले. घरातले सगळे भोवती बसले आणि हौसा दाराआड उभी राहिली.

"एक मैल पळणे," मास्तरांनी वाचलं. "नऊ फुटी चर उडी मारून ओलांडणे. दोर चढणे. शेवटी, आपल्या जोडीदाराला खांद्यावर घेऊन शंभर यार्ड नेणे. त्यानंही मग आपल्याला तसंच न्यायचं. हे झालं की शेरा मिळणार, लढाईस लायक किंवा नालायक."

"माणूस उचलायचा?" आक्का म्हणाल्या. "त्यो तर तालमीतला रोजचा खेळ. आमचा बा दोघास्नी दोन खांद्यांवर घिऊन बैठका मारायचा."

"अजून एक कलम आहे. वयाबद्दल..."

"मास्तर!" आक्कांनी हात वर केला. "माझ्या भावाचं वय चारचौघांत काढायचं न्हाय. आधीच ह्या गल्लीचे डोळे वंगाळ. पळायचं, उडायचं, चढायचं, उचलायचं. कळलं. घ्या, चहा घ्या."

मास्तरांनी कागदाची घडी घातली. आक्कांपुढं बोलून काही उपयोग नसतो हे त्यांना शाळेत असल्यापासून ठाऊक होतं, दोघं एका वर्गात होते. त्यांनी चहा घेतला.

आक्का म्हणजे या दोन भावांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आल्या त्या पाहुणी म्हणून, आणि वर्षभरात घराच्या मालकीण झाल्या. चाव्या त्यांच्या कमरेला, शेत त्यांच्या तोंडपाठ, आणि दोन्ही भाऊ त्यांच्या धाकात. त्यांनी तिथंच निकाल दिला.

"दोघंबी गेला तर शेत कोण बघायचं? एक जाईल, एक ऱ्हाईल. थोरला फौजेत जाईल. थोरला बसला घरी तर मग धाकट्यानं जायचं. पर थोरला बसतोय कशाला? अंग बघा की त्याचं!"

सगळ्यांनी अंगाकडं बघितलं. ते बघण्यासारखं होतंच. खरं सांगायचं तर पलटण लढाईच्या काळात समुद्रापार जाऊन आली, त्यात कृष्णात होता. मांडीत गोळीची खूण घेऊन हवालदार होऊन परतला. जोतीराम सुभेदार त्या सगळ्या काळात इथंच कोठारात घोंगड्या आणि बूट मोजत होते. एवढं झाल्यावर घरात युद्धाच्या गोष्टी सांगायचे ते जोतीराम, आणि कृष्णात गप्प बसून ऐकायचा.

दाराआड उभी हौसा मात्र तो निकाल ऐकून दाराला आणखी चिकटली. कृष्णातनं तिच्यापुढं बेळगावच्या फौजी लायनीतल्या खोल्यांचं वर्णन कितीदा केलं होतं. दोन खोल्या, दारात नळ, आणि एक चूल. फक्त एका बाईची चूल. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि आज काय शिजवायचं, हे त्या अकरा वर्षांत हौसानं एकदाही स्वतःच्या मनानं ठरवलं नव्हतं. सकाळी आक्का उंबऱ्यात उभ्या राहून सांगायच्या, संध्याकाळी पुन्हा सांगायच्या. मीठ किती, हेही सांगायच्या.

कृष्णात परीक्षेत उतरणार, याविषयी तिला शंकाच नव्हती. प्रश्न थोरल्याचा होता. थोरला नापास झाला पाहिजे. आणि थोरल्याला नापास करण्याची तजवीज खुद्द आक्कांनीच करून ठेवली, तेव्हा हौसानं मनातल्या मनात जोतिबाला हात जोडले.

कारण आक्कांनी पाचारण केलं गुंडू वस्तादांना. वस्तादांना कुस्ती येत होती, दुसरं काही येत नव्हतं. परीक्षा म्हटली की अंग कमवायचं, अंग म्हटलं की वजन, आणि वजन म्हटलं की दूध, तूप, बदाम, थंडाई. सकाळी दोनशे जोर, चारशे बैठका, मग दुपारी झोप. "दुपारची झोप न्हाय घितली तर अंग धरत न्हाय," वस्ताद सांगायचे आणि सुभेदारांनी हा एक नियम कधी मोडला नाही. पळायचा सराव? "पळतंय ते कोण?" वस्ताद विचारायचे. "पैलवान पळतोय व्हय कधी? समोरच्याला पळवतोय की त्यो."

इकडं कृष्णात पहाटे उठून एकटाच पंचगंगेच्या बंधाऱ्यापर्यंत पळत जायचा आणि पळत यायचा. त्याला दूध कुणी देत नव्हतं, आणि त्यानं मागितलंही नाही. भाकरी, ताक आणि कांदा. "पोट हलकं बरं वाटतंय," म्हणायचा. दर आठवड्याला शाहूपुरीच्या काट्यावर सुभेदार चढत गेले. सहाव्या आठवड्याला वाढ भरली दहा शेर. आक्कांनी सुभेदारांची दृष्ट काढली, आणि हौसानं तुपाचा दुसरा डबा उघडला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी पलटणीतून निरोप आला. प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचं नाव संध्याकाळच्या आत लिहून द्यावं.

हौसा तेव्हा शेवया वळत होती. जोडीदार हा शब्द ऐकला आणि तिचे हात थांबले. सहा आठवडे ती मैल, दोर आणि चर यांचाच विचार करत होती. माणूस उचलण्याचं कलम तिच्या डोक्यातून पार गेलं होतं.

सोप्यात बैठक बसली. जोतीराम लोडाला टेकून, कृष्णात खांबाला टेकून, आक्का मधोमध. धोंडुबाई, म्हणजे जोतीरामांची बायको, कोपऱ्यात मिशेरी लावत बसली होती. ती घरातलं कुठलंच काम धड करायची नाही आणि कुठल्याच बैठकीला चुकायची नाही.

"बिगुलवाला विचारायलाय मला," कृष्णात म्हणाला. "त्याची आन् माझी उंची एक हाय. किरकोळ गडी, उचलायला सोपा. त्याच्यासंगं नाव घालतो. दादानं कोठारातला एखादा बघावा."

"बिगुलवालाच बरा," धोंडुबाई लगेच म्हणाली. दाराआडून हौसानं तिच्याकडं चमकून बघितलं. अकरा वर्षांत जाऊबाई पहिल्यांदाच तिच्या बाजूनं बोलत होती. "भावजी वाळून काठीगत झाल्यात. आमच्या माणसाला उचलायचं आन् टाकून द्यायचं म्हंजे?"

"तू गप," आक्का म्हणाल्या. "कृष्णात, ऐक. माणूस खांद्यावर घ्यायचा म्हंजे काय, कळतंय का तुला? खांदा देणं म्हंत्यात त्याला. जित्तेपणी माझ्या भावानं परक्याच्या खांद्यावर पडायचं? ना जातीचा, ना गोताचा, कोण कुठला कोठारवाला, आन् त्यानं आमच्या सुभेदाराला खांद्यावर घालून शंभर पावलं न्यायचं? लोक काय म्हंतील? अभद्र न्हाय व्हय ते?"

धोंडुबाईचा मिशेरीचा हात गळ्यातल्या डोरल्याकडं गेला.

"अगं बया," ती पुटपुटली. "हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. नगं नगं. भावजींनीच घ्यावं. घरचा खांदा तो घरचा."

झालं. हौसाच्या बाजूचं एकुलतं एक माणूस अर्ध्या मिनिटात पलीकडं गेलं. थोरल्या दिरापुढं सून बोलत नाही, ही रीत होती, पण हौसानं दाराआडून बोलायचं धाडस केलं. "आक्का, ह्यांच्या मांडीत जखम हाय. एवढं वजन..."

"एवढं वजन म्हंजे?" आक्का गरजल्या. "माझ्या भावाच्या खाल्ल्याला दृष्ट लावतीस? भावाचं वजन भावाला होतंय व्हय कधी?"

जोतीराम आतापर्यंत छताकडं बघत होते. त्यांना मनातून कुणावर तरी आपला भार पडणार याची लाज वाटली असेल की नाही, कोण जाणे. ते म्हणाले, "आक्का म्हणती तसं करूया. कृष्णात हाय की. लढाई बघितलेला गडी."

कृष्णातनं कागदावर भावाचं नाव लिहिलं.

परसात हौसानं त्याला गाठलं. "तुमास्नी जीभ हाय का न्हाय? बिगुलवाला सोडून त्या डोंगराला कशाला घितलं?"

"डोंगर म्हणू नगंस," कृष्णात म्हणाला. तो चिडला नव्हता. "मी सहा वर्षांचा हुतो तवा दादा मला खांद्यावर घिऊन जोतिबा चढलाता. पायथ्यापासनं वरपर्यंत, एकदाबी उतरवलं न्हाय. एकदा त्यानं मला न्हेलं, एकदा मी त्याला नेतो. वाढला तर किती वाढला असंल?"

हौसाला उत्तर ठाऊक होतं. दहा शेर. त्यातलं कुठलं कुठल्या पळीनं वाढलं, तेही ती सांगू शकली असती. पण ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. ती आत निघून गेली. त्या संध्याकाळी सुभेदारांच्या भातावर तिनं तुपाचा थेंब घातला नाही. म्हणून काय होणार होतं? एका संध्याकाळीत दहा शेर उतरवणारं औषध कुठल्या वैद्याकडंही नव्हतं.

सकाळी मैदानावर जत्रा भरली. भजीवाले आले, उसाच्या रसाचे गाडे आले. दिल्लीहून आलेला मेजर टेबलाशी बसला होता आणि त्याच्यासमोर दोन रबरी शिक्के होते. आक्का, धोंडुबाई आणि हौसा लिंबाखाली गाडी सोडून बसल्या. त्र्यंबक मास्तरही छत्री घेऊन आले. गुंडू वस्ताद सुभेदारांच्या अंगाला शेवटचं तेल लावू लागले, तेव्हा एका पंजाबी हवालदारानं त्यांना हाकलून दिलं.

मैलाला सगळे एकदम सुटले. कृष्णात पहिल्या वळणावरच पुढं गेला आणि पुढंच राहिला. परत आला तेव्हा त्याच्यामागं तीस-चाळीस पावलांवर कुणी नव्हतं. हौसानं पदर कपाळावर ओढून घेतला, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आक्कांना दिसू द्यायचं नव्हतं.

जोतीराम सुभेदार पहिली शंभर पावलं जोरात पळाले. मग मंद पळाले. मग चालू लागले. चालताना त्यांना ओळखीचे लोक दिसले तेव्हा त्यांनी रामराम घातला. दसऱ्याच्या मिरवणुकीत चालावं तशा ऐटीत ते सर्वांच्या शेवटी आले आणि टेबलापुढं येऊन त्यांनी कडक सलाम ठोकला. मेजरनं घड्याळ बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्यांना बाजूच्या बाकावर बसायची खूण केली. इतर जवान चर उडत होते, दोर चढत होते. सुभेदार बाकावर बसून घाम पुसत होते.

"काढलं जणू त्यास्नी," धोंडुबाई रडवेल्या आवाजात म्हणाली.

आक्कांचा चेहरा उतरला. हौसानं आयुष्यात पहिल्यांदा आक्कांचा चेहरा उतरलेला बघितला. तिला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं दोन खोल्या आल्या, नळ आला आणि चुलीवर तिच्या मनाची भाजी आली. थोरला नापास. आता जोडीही मोडली. कृष्णातला दुसरा कुणीतरी मिळेल, हलका. तिनं मनात जोतिबाला खोबऱ्याची वाटी बोलली.

तेवढ्यात पंजाबी हवालदारानं नावं पुकारली. जोतीराम आणि कृष्णात. दोघंही.

"अगं बया," आक्का उठून उभ्या राहिल्या. "बोलावलं की! माझ्या वाघाला बोलावलं!"

पहिली पाळी जोतीरामांची. पळण्यात ते गाढव ठरले असले, तरी उचलणं हे त्यांचं काम होतं. दोनशे जोर आणि चारशे बैठका फुकट गेल्या नव्हत्या. त्यांनी कृष्णातला कोकरासारखं उचललं आणि मानेवर टाकलं, आणि एकही पाऊल न चुकता शंभर यार्ड नेऊन पलीकडं ठेवलं. सहा आठवडे ताकावर राहिलेल्या माणसाला वजन ते कसलं असणार? मैदानात टाळ्या पडल्या. गुंडू वस्तादांनी हवेत फेटा उडवला.

मग कृष्णात वाकला. सुभेदार त्याच्या खांद्यावर पडले.

तो उभा राहिला तेव्हाच हौसाला कळलं. गुडघे थरथरले आणि सावरले. पहिली वीस पावलं त्यानं पळत नेली. चाळिसाव्याला पाय ओढू लागला, जखमेचा पाय. लोक ओरडत होते. आक्का ओरडत होत्या, "धर रं माझ्या राजा, सांभाळ थोरल्याला!" हौसा ओरडली नाही. ती मोजत होती, पण पावलं मोजत नव्हती. भातावरची पळी. भाकरीतली पळी. मलिद्यातली पळी. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, सहा आठवडे. प्रत्येक पळी तिला त्या मानेवर बसलेली दिसत होती. तिथं जे नाचत होतं, ते सुभेदारांचं पोट होतं खरं, पण ते तिच्या हातचं होतं.

साठ. सत्तर. ऐंशीला कृष्णात थांबला, तोंड उघडं टाकून उभा राहिला, आणि पुन्हा निघाला. नव्वदाच्या झेंड्यापाशी त्याचा गुडघा वळला, आणि दोघंही मातीत पडले.

जोतीराम आधी उठले. त्यांनी सदरा झटकला. "जपून रं कृष्णात," ते म्हणाले. कृष्णातनं उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा खाली बसला.

मेजरनं शिक्के मारले. शेजारच्या कारकुनानं निकाल मराठीत वाचला. सुभेदार जोतीराम, लढाईस लायक. हवालदार कृष्णात, नालायक.

"असं कसं?" हौसाच्या तोंडून निघून गेलं. "थोरलं तर मैल चालत आलं!"

त्र्यंबक मास्तरांनी छत्री मिटली. "तेच कलम," ते हळूच म्हणाले. "चाळिशीच्या पुढं दोर माफ, चर माफ. मैल चालत पुरा केला तरी चालतो. फक्त माणूस तेवढा उचलता यायला पाहिजे. मी वाचणारच होतो. आक्कांनी चहा आणला."

सहा आठवडे हौसा ज्याला पाडण्यासाठी राबली, त्याला पडायची सोयच नव्हती. तिनं त्याला नुसतं जड केलं, आणि तो जडपणा नवऱ्याच्या खांद्यावर नेऊन ठेवला.

आक्का मात्र धावत आल्या आणि सगळ्या मैदानादेखत त्यांनी हौसाच्या गालांवरून हात उतरवून कडाकडा बोटं मोडली. "हीच ती!" त्या लोकांना सांगू लागल्या. "हिच्या हातचं तूप खाल्लंय माझ्या भावानं. हातात यश हाय पोरीच्या. फौजेत गेल्यावरबी दर महिन्याला दोन डबं हिच्याच हातचं धाडायचं. धोंडीला कुठलं जमतंय लोणी कढवाय! आन् कृष्णात हाय की घरी. शेत बघंल. जखमी माणसाला फौजेत कशाला पायजे?"

गुंडू वस्तादांनीही मान डोलावली. भजीवाल्यांनी हौसाकडं कौतुकानं बघितलं. अकरा वर्षांत तिचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि तिला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं होईल.

परतताना बैलगाडीत पुढं हार घातलेले सुभेदार, आक्का आणि धोंडुबाई बसले. मागं कृष्णात पाय बाहेर सोडून बसला होता, गुडघा नारळाएवढा सुजलेला. हौसा त्याच्याशेजारी होती.

"दादा किती वाढलाता गं?" त्यानं विचारलं. "साठ पावलांपर्यंत मला वाटलं, नेतो. मग वाटलं, कुणीतरी आणखी एक चढलंय वर."

"दहा शेर."

"तुला काय ठाव?"

सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण त्याचा गुडघा समोर होता. "मीच वाढवलं," ती म्हणाली. "आक्का एक पळी सांगायच्या, मी तीन घालायची. थोरलं घरी बसलं तर तुमी जाल म्हणून. आपली एक चूल हुईल म्हणून. तुमच्या खांद्यावर येईल हे मला काय ठाव हुतं?"

कृष्णातनं तिच्याकडं बघितलं आणि मग रस्त्याकडं बघत राहिला. घर येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. तो ओरडला असता, मारायला धावला असता, तरी हौसाला बरं वाटलं असतं.

दिवेलागणीला पंगत बसली. आक्कांनी सांगितल्याप्रमाणं शिरा होता आणि त्यावर आज कुणी पळ्या मोजणार नव्हतं. हौसानं रीतीप्रमाणं आधी सुभेदारांना वाढलं. मग कृष्णातपुढं आली. तो पाय लांब करून बसला होता. तिनं पळी भरली, काठोकाठ, सगळ्यांदेखत, आणि त्याच्या ताटावर धरली. अकरा वर्षांत या ताटात एवढं तूप पडलं नव्हतं.

कृष्णातनं ताटावर हात आडवा धरला.

"ताटात नगं. गुडघ्याला लाव."

"तूप व्हय गुडघ्याला?" आक्का म्हणाल्या. "तेल न्हाय व्हय घरात? तूप काय उतू चाललंय?"

"लाव म्हणतो न्हवं," कृष्णात म्हणाला. आक्कांशी तो या सुरात कधी बोलला नव्हता. सुभेदारांचा घास हातातच राहिला.

हौसा पंगतीतच खाली बसली, थोरल्या दिरासमोर, आक्कांसमोर. कोमट तूप तिनं तळहातावर घेतलं आणि त्या सुजेवर अगदी हलक्या हातानं फिरवू लागली, दुखेल म्हणून.

"जोरात चोळ," तो म्हणाला. "घालताना हात आखडला न्हवतास, आता कशाला आखडतीस?"